घट बदलताना
जुन्या ई-स्कूटरमधलं शिसं, नवं लिथियम आणि वाळूजमधली एक रात्र

२०२२ च्या एप्रिलमधली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. हिनं मला हलवून उठवलं आणि म्हणाली, "अहो, कसला तरी वास येतोय. नेलपॉलिशसारखा." बजाजनगरातलं आमचं घर म्हणजे खाली एक खोली, वर एक आणि मध्ये अरुंद जिना. जिन्याखाली आमची जुनी इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावलेली होती. खाली आलो तर सीटखालची पेटी हात लावता येणार नाही इतकी तापलेली. आधी भिंतीतलं बटण बंद केलं, मग पिन ओढली आणि मुलाला हाक मारून दोघांनी गाडी ढकलत रस्त्यावर नेली. ज्वाळा दिसल्या नाहीत, धूरही फारसा नव्हता. पण पेटी उघडली तेव्हा बॅटरीवरचं निळं वेष्टन वितळून आत चिकटलेलं होतं.

ती लिथियमची बॅटरी बसवून मला जेमतेम दोन महिने झाले होते. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "जुनाच चार्जर चालतो, काका. काही बदलायला नको." मीही मान डोलावली होती. दोष त्याचा होताच, पण निम्मा माझाही होता, कारण मी विचारायला हवं ते विचारलं नव्हतं. हा लेख म्हणजे त्या रात्रीनंतर मी केलेल्या अभ्यासाचा गोषवारा आहे.

मी अभियंता नाही. दहावीनंतर आयटीआय केलं, वायरमनचं प्रमाणपत्र घेतलं आणि वैजापूर तालुक्यातून वाळूजला आलो. पुढचं शिक्षण कारखान्यातल्या रात्रपाळ्या, वाचनालयातली पुस्तकं आणि स्वतः उघडून पाहिलेल्या वस्तू यांच्याकडून झालं. त्यामुळे इथे जे मांडतो आहे ते मल्टिमीटरनं मोजलेलं आणि वाचून पडताळलेलं आहे.

दुचाकीचं गाव

वाळूज हे दुचाकीवर वाढलेलं गाव. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या इथल्या कारखान्याचं उद्घाटन झालं. त्याच्या अवतीभवती सुट्या भागांचे शेकडो कारखाने उभे राहिले आणि रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर, वडगाव कोल्हाटी ही खेडी कामगारांच्या खोल्यांनी भरून गेली. बहात्तर साल म्हटलं की मराठवाड्याला दुष्काळ आठवतो. त्याच १९७२ साली चेतक स्कूटर आणि लूना मोपेड रस्त्यावर आल्या. पुढे दोन्ही विझल्या आणि दोन्ही विजेवर परत आल्या: चेतकचं विजेवरचं रूप ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झालं, ई-लूना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. २०२४ मध्येच आमच्या जिल्ह्यातल्या बिडकीनला विजेच्या स्कूटरच्या मोठ्या कारखान्याची घोषणा झाली.

या ठळक बातम्यांच्या आधीही विजेची वाहनं महाराष्ट्रात होती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकातच सायकलरिक्षाला मोटर जोडण्याचे प्रयोग सुरू केले. त्यातून विजेवर पूर्ण चालणारी 'इलेक्शा' तयार झाली. तिची बॅटरी अर्थातच शिशाची, कारण परवडणारा दुसरा पर्यायच तेव्हा नव्हता.

२००७-०८ च्या सुमारास बाजारात कमी वेगाच्या विजेच्या स्कूटर आल्या. अडीचशे वॉटच्या आतली मोटर, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतला वेग; म्हणून ना नोंदणी, ना परवाना. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारनं अशा गाड्यांना अनुदान दिलं, ते मार्च २०१२ अखेर संपलं आणि विक्री कोसळली. २०१५ मध्ये 'फेम' योजना आली, तेव्हा पुन्हा थोडी हालचाल झाली. पण ऑक्टोबर २०१८ पासून शिशाच्या बॅटरीच्या गाड्यांचं अनुदान काढून घेतलं गेलं. २०१९ च्या दुसऱ्या टप्प्यात किमान वेग आणि पल्ल्याच्या अटी आल्या, त्यात या मंदगती गाड्या बसेनात.

धोरण म्हणून हे चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याचा एक परिणाम कुणी लिहिलेला मला दिसला नाही. या गाड्या विकणारी अनेक दुकानं बंद झाली आणि गाड्या मात्र लोकांच्या दारात राहिल्या. चौकट ठणठणीत, मोटर धडधाकट, फक्त बॅटरी मेलेली. आमची गाडी त्यातलीच. पालक नसलेल्या या गाड्यांना लिथियम बसवून देणारे पत्र्याच्या शेडमधले कारागीर गल्लोगल्ली उभे राहिले. ही गरज खरी आहे आणि धोका तिथूनच सुरू होतो.

शिसं म्हणजे काय, लिथियम म्हणजे काय

बॅटरीला मराठीत 'विद्युतघट' म्हणतात. शब्द जड वाटतो, पण अचूक आहे. घटात जेवढं मावतं तेवढंच भरायचं असतं, आणि मातीच्या घटात जे ठेवतो ते तांब्याच्या घटात ठेवता येईलच असं नाही.

शिशाचा घट १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकानं तयार केला. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल, एवढीच त्याची सामग्री. तो स्वस्त आहे, सोशिक आहे, चुकीच्या वागणुकीला हळूहळू मरतो. आमच्या स्कूटरमध्ये बारा व्होल्टचे, वीस अँपिअर-तासांचे असे चार डबे एकापुढे एक जोडलेले होते. म्हणजे अठ्ठेचाळीस व्होल्ट आणि कागदावर ९६० वॉट-तास ऊर्जा. चौघांचं वजन सत्तावीस किलो भरलं.

'कागदावर' हा शब्द मुद्दाम वापरला. शिशाच्या घटातून वीज जितक्या वेगानं ओढाल तितकी ती कमी मिळते. शिवाय तो रोज तळापर्यंत रिकामा केला तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि दोन-तीनशे खेपांत त्याचा जीव संपतो. नवा संच मला तीस किलोमीटर नेत असे, वर्षानंतर सतरा. गोलवाडीच्या पुलाचा चढ लागला की अठ्ठेचाळीसचा दाब त्रेचाळीसवर यायचा आणि गाडी दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी थांबायची. दर दीड वर्षाला अकराएक हजारांचा नवा संच घ्यावा लागे.

लिथियम-आयन घट १९९१ साली सोनी कंपनीनं प्रथम बाजारात आणला. त्याच्या पायाभूत कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 'लिथियम' हे मात्र एका घटाचं नाव नसून कुळाचं नाव आहे, आणि गल्लीतल्या बाजारात नेमकं हेच लपतं. आपल्याला त्यातले दोन प्रकार भेटतात. एक निकेल-मँगनीज-कोबाल्टचा, ज्याला 'एनएमसी' म्हणतात. तो हलका आहे, ऊर्जा जास्त साठवतो, पण फार तापला तर त्याच्या रसायनातूनच ऑक्सिजन सुटतो आणि आगीला बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. दुसरा लोह-फॉस्फेटचा, म्हणजे 'एलएफपी'. गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून १९९७ साली त्यावरचा शोधनिबंध आला आणि त्याचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय. यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून तो सहजी सुटत नाही. हा प्रकार थोडा जड आहे, पण एनएमसीपेक्षा बराच शांत आणि दीर्घायुषी. तो जळतच नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. पोळला तर त्यातूनही ज्वलनशील वायू निघतो.

त्या रात्री काय झालं

सगळा उलगडा साध्या गुणाकारात आहे.

शिशाचा बारा व्होल्टचा डबा भरताना त्याला साधारण १४.४ ते १४.८ व्होल्ट द्यावे लागतात. चार डब्यांचे ५७.६ ते ५९.२ होतात. माझा जुना चार्जर मी मोजला, तो ५९ व्होल्ट देत होता. शिशासाठी अगदी योग्य.

मला विकलेली बॅटरी एनएमसीची होती, तेरा सेल ओळीनं जोडलेली. अशा एका सेलची वरची मर्यादा ४.२ व्होल्ट, तेरांची ५४.६. म्हणजे ज्या घटात ५४.६ मावतात त्यात मी रोज रात्री ५९ ओतू पाहत होतो. दोन्ही पेट्यांवर '४८ व्होल्ट' असंच लिहिलेलं होतं! ते नाव आहे, माप नाही. एकाच नावाच्या दोन घटांची भरण्याची मर्यादा वेगळी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग दोन महिने काही झालं कसं नाही? बॅटरीच्या आत 'बीएमएस' नावाची छोटी पाटी असते. ती प्रत्येक ओळीचा दाब पाहते आणि मर्यादा ओलांडली की आत येणारी वीज तोडते. ती पाटी रोज रात्री माझी चूक निस्तरत होती. वास्तविक ती शेवटची राखणदार. पहिलं काम चार्जरनंच वेळेवर थांबण्याचं असतं. रोज शेवटच्या राखणदारालाच लढायला लावलं तर एक दिवस तो पडणार. पाटीवरचा वीज तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच मी नंतर तपासला, तो जोडलेल्या अवस्थेत कायमचा अडकला होता. त्या रात्री प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्टच्या वर दाब आला.

घर वाचलं ते आणखी एका गोष्टीनं. दंडगोल सेलच्या टोपीखाली बहुधा एक पातळ चकती असते. आत वायू होऊन दाब वाढला की ती वर उचलली जाते आणि जोड तुटतो. एका ओळीतले सगळे सेल असे तुटले आणि पूर्ण मालिका खंडित झाली. ही चकती प्रत्येक वेळी वेळेवर उचलली जाईलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

पुन्हा, पण मोजून

वर्षभर ही गाडी तशीच उभी होती. ही म्हणायची, "भंगारात द्या." भाचा म्हणायचा, "मामा, साठ व्होल्टची टाका, पळेल." दोघांनाही मी थांबा म्हटलं. २०२३ मध्ये पुन्हा काम हाती घेतलं, ते या क्रमानं.

पहिली गोष्ट, रसायन ठरवलं: एलएफपी. त्याचा सेल ३.२ व्होल्टचा, सोळा ओळीनं जोडले की ५१.२ आणि पूर्ण भरल्यावर ५८.४. जुनी शिशाची बॅटरी ज्या पट्ट्यात चालत होती त्याच्याशी हा पट्टा जवळपास जुळतो. म्हणून मोटरचा कंट्रोलर बदलावा लागला नाही. साठ व्होल्टची बॅटरी भरल्यावर सत्तरीच्या वर जाते. जुन्या कंट्रोलरमधले कपॅसिटर पुष्कळदा ६३ व्होल्टचेच असतात, ते फुटतात. शिवाय वेग पंचवीसच्या वर गेला की कायद्यानं ती मोटार वाहन ठरते: नोंदणी नाही, विमा नाही, परवाना नाही, आणि अपघात झाला तर पाठीशी कुणी नाही. भाच्याला हे पटायला एक चहा लागला.

दुसरी गोष्ट, सेल. बत्तीस मिलिमीटर जाडीचे, सत्तर मिलिमीटर उंचीचे, सहा अँपिअर-तासांचे चौसष्ट नवे सेल घेतले. चार-चार समांतर, असे सोळा गट. एकूण २४ अँपिअर-तास, सुमारे १,२२८ वॉट-तास. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्त मिळतात, ते घेतले नाहीत. सोळा गटांपैकी सर्वांत दुबळा गटच साऱ्या बॅटरीची ताकद ठरवतो. पट्ट्या डागण्याचं काम स्पॉट वेल्डिंगच्या यंत्रावर करून घेतलं. सेलवर थेट कावीया टेकवून डाग मारला तर आतलं पातळ आवरण भाजतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

तिसरी, बीएमएस. कंट्रोलर जास्तीत जास्त अठरा अँपिअर ओढत होता, म्हणून तीस अँपिअरची पाटी घेतली. तिच्यासोबत तापमान पाहणारी तार सेलच्या मधोमध बसवली आणि बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज लावला.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, नवा चार्जर. एलएफपीसाठीच बनवलेला, बरोबर ५८.४ व्होल्टला थांबणारा. जुन्या चार्जरची पिन मी कापून टाकली. तो कपाटात राहिला असता तर कधीतरी पाहुण्यानं लावलाच असता.

पाचवी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण नाही. सत्तावीस किलोंच्या जागी साडेअकरा किलो आले, पेटीत मोकळी जागा राहिली. खड्ड्यात बॅटरी आदळून तारांची आवरणं घासली जातात. म्हणून कडक फोमचे तुकडे ठोकून ती घट्ट बसवली.

हातावरचे दिवे

पहिल्या आठवड्यात एक फजिती झाली. बजाजनगर ते क्रांती चौक, जाऊन येऊन पंचवीसेक किलोमीटर. दोन दिवस चार्ज न करता फिरलो, कारण हँडलवरचे सगळे दिवे हिरवे होते. दुसऱ्या दिवशी परतताना गोलवाडीजवळ गाडी एकदम मेली. तिथून पंढरपूरच्या चौकापर्यंत ढकलत आलो. (आमच्या वाळूजलाही पंढरपूर आहे, आषाढीला मोठी यात्रा भरते. त्या दिवशी माझी वारी अवेळी झाली.)

कारण असं की जुने दिवे फक्त व्होल्ट पाहतात. शिशाचा दाब भरल्यापासून रिकामं होईपर्यंत हळूहळू साडेतीन-चार व्होल्ट उतरतो, त्यावरून किती उरलं ते कळतं. एलएफपीचा दाब नव्वद टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत जेमतेम एक व्होल्ट हलतो आणि शेवटी कड्यावरून पडावा तसा पडतो. म्हणून आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजणारा वेगळा मीटर लावावा लागतो. नव्या पिढीची भाषा जुन्या मापानं वाचायला गेलं की असं होतं. घरोघरी हा अनुभव आहे.

वहीतले आकडे सांगतो. पल्ला पंचेचाळीस किलोमीटर. गोलवाडीच्या चढावर दाब ५२ वरून ५०.८ पर्यंतच येतो. बॅटरी, मीटर आणि चार्जर मिळून चोवीस हजार रुपये गेले. शिशाचा संच दीड वर्षात साडेसहा हजार किलोमीटर चालायचा, म्हणजे किलोमीटरला एक रुपया सत्तर पैसे बॅटरीचेच. नवी बॅटरी एक हजार खेपा जरी टिकली आणि खेपेला चाळीस किलोमीटरच धरले, तरी साठ पैसे होतात. हा हिशेब आजच्या खिशाचा नाही, नऊएक वर्षांचा आहे. आणि आमच्या गल्लीतला कामगार आजच्या खिशावर बॅटरी घेतो, म्हणून चार्जरचे दोन-तीन हजार वाचवायला बघतो.

शिसं जातं कुठे

जुने चार डबे भंगारवाल्यानं किलोवर घेतले. शिशाला भाव मिळतो, म्हणून ते रस्त्यावर पडून राहत नाही, ही त्याची चांगली बाजू. पण उघड्यावर भट्टी लावून शिसं वितळवलं जातं तिथली धूळ मुलांच्या रक्तात जाते, मेंदूच्या वाढीवर कायमचा घाव घालते आणि लक्षण मात्र लवकर दिसत नाही. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन योग्य ठिकाणी पोचवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी. माझी मी भंगारात दिली, तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. एलएफपीत शिसं नाही, पण महाग धातूही नाहीत. म्हणून ती उद्या कोण हौसेनं परत घेईल, हा प्रश्न उरतोच.

छावणी

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे शहरातल्या छावणी भागात, दाणाबाजारच्या गल्लीत, खाली शिवणकामाचं दुकान असलेल्या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावरचे एकाच कुटुंबातले सात जण धुरात गुदमरून गेले, त्यात दोन लहान मुलं होती. सुरुवातीच्या बातम्यांत, चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकीमुळे आग लागली असावी अशी शंका व्यक्त झाली. कारण ठरवणं हे तपास यंत्रणांचं काम. मी त्यात पडत नाही. पण मला त्या इमारतीची रचना कळली: खाली एकच दार, मध्ये जिना, वर झोपलेली माणसं. आमच्या घराची हीच रचना आहे. वाळूजमधल्या निम्म्या घरांची असेल.

त्या आठवड्यात गल्लीतले लोक गाड्या घेऊन माझ्या दारात आले. मी मल्टिमीटर घेऊन ओट्यावर बसलो. काहींच्या पेटीवर आतल्या रसायनाचं नावही नव्हतं. काहींचा चार्जर शिशाचाच होता. शेजारचे काका म्हणाले, "मग सरकार तपासत नाही का हे?" तपासतं. २०२२ मधल्या आगींनंतर बॅटरीच्या सुरक्षेचं 'एआयएस-१५६' हे मानक कडक झालं, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. पण ते नव्या गाड्यांच्या मंजुरीसाठी आहे. दहा वर्षांच्या गाडीत पत्र्याच्या शेडमध्ये बसवलेली बॅटरी त्या दारातून जातच नाही. तिथे मालकालाच विचारावं लागतं.

विचारायचं फारसं नाही. सेल कोणत्या रसायनाचे? ओळीनं किती? पूर्ण भरल्यावर किती व्होल्ट? चार्जर बरोबर तेवढ्यावरच थांबतो का? आणि हे सगळं बिलावर लिहून द्याल का? लिहून द्यायला जो कचरतो, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नये. घरी आणल्यावर एवढंच पाळावं: उन्हातून आल्यावर बॅटरी निवू द्यावी, जिन्याखाली आणि दारात चार्जिंग करू नये, सगळे झोपलेले असताना तर नाहीच.

आमची गाडी आता अंगणातल्या भिंतीशी, छोट्या पत्र्याखाली उभी असते. संध्याकाळी सहाला चार्जर लागतो, दहाच्या आत निघतो. पिन मी काढली तरी झोपण्याआधी ही एकदा बाहेर जाते आणि बॅटरीच्या पेटीवर तळहात ठेवून येते. माझ्याकडे मीटर आहे, तापमानाची तार आहे, तीस अँपिअरची पाटी आहे. तरी तिचा हात फिरून आल्याशिवाय मलाही झोप लागत नाही.